घाटकोपरच्या नऊ वह्या

शाईचा थेंब कागदावर पडला तेव्हा मसुरीच्या दाण्याएवढा होता आणि बरोबर गोल होता. उत्तराने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. तीन सेकंद तो तसाच फुगून राहिला. चौथ्या सेकंदाला त्याच्या एका कडेला केसासारखा बारीक पाय फुटला, मग दुसरा, आणि दहा सेकंदांच्या आत त्या थेंबाचा कोळी झाला. तिने पान उलटले. मागे निळा डाग उतरला होता आणि त्याच्याही मागच्या पानावर एक फिकट ठिपका होता.

"हीसुद्धा नाही," ती म्हणाली.

अंधेरी स्टेशनसमोरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात गल्ल्यावर चंदूशेठ बसला होता. त्याने हात जोडले.

"बाई, तुम्ही वही घ्यायला येता की तिची परीक्षा घ्यायला?"

"परीक्षाच. पास झाली की घेईन."

"दिवाळीपासून सात नापास केल्यात. ही आठवी. आता ही डागाळलेली वही मी कुणाच्या गळ्यात बांधू?"

"शेवटचीच दोन पानं आहेत. कापून देते." उत्तराने पर्समधून ब्लेड काढले आणि शिलाईला धक्का न लावता ते पान आणि त्याच्या मागचे पान अलगद कापून घेतले. चंदूशेठ बघत राहिला.

"चांगला कागद येतच नाही हो. बाहेरच्या मालाला सरकारने बंदी घातलीय. हा आपला साधा कागद, पेन्सिलीने लिहा, गुण्यागोविंदाने राहील."

"पेन्सिल पुसली जाते."

"मग एवढं टिकवून ठेवण्यासारखं लिहिता तरी काय?"

त्याने थट्टेतच विचारले होते. उत्तराने शाईच्या बाटलीला बूच लावले, बाटली रुमालात गुंडाळली आणि ती पायरी उतरली.

उत्तरा नवलकर अंधेरीच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. वय अडतीस. लग्न केले नव्हते, घरी एक आई होती. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात ती पहिल्या वर्गात आली होती, पण ही गोष्ट आता आईखेरीज कुणाला आठवत नव्हती. दर रविवारी ओहोटीची वेळ पाहून ती वर्सोव्याहून होडीने पलीकडे मढच्या बाजूला जाई, साडी वर खोचून चिखलात उतरे आणि कांदळाच्या चोवीस झाडांची मापे घेई. कांदळाचे बी जमिनीत पडून रुजत नाही; ते झाडावरच रुजते आणि त्याचा हिरवा कोंब महिनोन्‌महिने फांदीला लोंबत राहतो. कोणत्या झाडाला फुले कधी आली, कोंब दर आठवड्याला किती वाढला, किती गळाले, किती चिखलात उभे रुतले आणि किती भरतीबरोबर वाहून गेले, हे सगळे ती लिहून ठेवी. नऊ वर्षे झाली होती. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला तिने पत्र्याचा बिल्ला बांधला होता आणि बिल्ल्यावर खिळ्याने आकडा ठोकला होता.

सहा वर्षांपूर्वी तिने हे सगळे तिच्या कॉलेजच्या अणावकर सरांना दाखवले. सरांनी एकेक पान उलटले. कागद इतका ठिसूळ झाला होता की कोपरे त्यांच्या टेबलावर गळून पडले. "उत्तराबाई," सर म्हणाले होते, "हे चांगल्या कागदावर शाईने उतरवून आणा. आकृत्यांसकट. मी एम.एस्सी.ला नाव नोंदवून घेतो. हे काम दुसऱ्या कुणाकडे नाही."

"चांगला कागद मिळाला की आणते," ती म्हणाली होती.

तेव्हापासून ती कागद शोधत होती. पार्ल्याची, मालाडची, बोरिवलीची दुकाने तिने पालथी घातली. मुलुंडला एकाने तिला हातकागद दाखवला. तो दिसायला देखणा होता, पण टीपकागदासारखा शाई प्याला. सुट्टीत अणावकर सर भेटले की विचारत, "कुठवर आलंय?" ती म्हणे, "कागद बघतेय." पहिली दोन वर्षे हे खरे होते.

आणि मग शाळेत जयंती देसाई आली.

जयंतीचे वय चोवीस, रंग गोरा, वेणी लांब. तीही वनस्पतिशास्त्राचीच पदवीधर, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी तिला उत्तराच्याच टेबलाशी बसवले. पहिल्या दिवशी तिने पिशवीतून एक वही काढली आणि पेनने पाठाचे टाचण लिहू लागली. उत्तरा समोर पेपर तपासत होती. पेनचे टोक कागदावरून घसरत जात होते, अडखळत नव्हते. अक्षराच्या कडा कोरून काढल्यासारख्या दिसत होत्या. जयंतीने पान उलटले. मागची बाजू कोरी, स्वच्छ, फक्त टोकाच्या दाबाने जरा उठलेली.

उत्तराच्या कानशिलांपाशी ऊन लागल्यासारखे झाले.

"वही छान आहे गं," ती शक्य तेवढ्या सहज म्हणाली.

"ही? बरी आहे ना? मामा घाटकोपरला राहतात, त्यांच्या घराखालीच दुकान आहे. लढाईच्या आधीचा विलायती माल म्हणे, कुठेतरी माळ्यावर पडून होता."

माळ्यावर पडून होता. उत्तराने शोधण्यात सहा वर्षे काढली, आणि हिच्या मामाच्या घराखालीच तो पडून होता.

त्यानंतर तिला त्या वहीकडे बघितल्यावाचून राहवेना. जयंती त्या वहीत काहीही लिही. टाचणे, धोब्याचे कपडे, कुणाकडून तरी ऐकलेली सुरळीच्या वड्यांची कृती. एकदा शिक्षकांच्या खोलीतले टेबल डुगडुगत होते. जयंतीने वहीतले एक कोरे पान टर्रकन फाडले, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या पायाखाली सारले.

"झालं! आता हलणार नाही, बाई."

तास सुरू होऊन खोली रिकामी झाली तेव्हा उत्तरा वाकली, टेबल एका हाताने उचलले आणि ती घडी काढून घेतली. त्या जागी तिने जुन्या प्रश्नपत्रिकेचा तुकडा सारला. प्रयोगशाळेत जाऊन तिने पान हाताने सारखे केले, त्यावर शाईचा थेंब टाकला आणि घड्याळ पाहिले. एक मिनिट गेले, दोन गेली. थेंब गोलच राहिला. तो कडेकडेने वाळत गेला आणि शेवटी बटणासारखा काळानिळा ठिपका उरला. घडीच्या वळीवर टाकलेल्या थेंबालासुद्धा पाय फुटले नाहीत. उत्तरा स्टुलावर बसून त्या ठिपक्याकडे बघत होती आणि तिच्या मनात जयंतीविषयी जे येत होते ते तिने कधी कुणाविषयी मनात आणले नव्हते.

पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ती दादरला गाडी बदलून घाटकोपरला गेली. दुकान सापडायला वेळ लागला नाही. काळी टोपी घातलेले म्हातारे शेठ पुढे झाले. तिने आपली बाटली काढून परवानगी मागितली. शेठने थेंबाचा सगळा खेळ मान तिरकी करून पाहिला.

"बेन, चाळीस वरस दुकान केला, असा कागद तपासणारा गिऱ्हाईक नाय बघितला."

"किती आहेत अशा वह्या?"

"आता नऊच राहिल्या. त्यातल्या तीन तुम्हाला देतो. सहा त्या अंधेरीच्या शाळेतल्या बेनने ठेवायला सांगितल्यात. वर त्यांचे मामा राहतात ना."

उत्तराने त्या सहा वह्यांकडे पाहिले. त्या एका बाजूला सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. मग ती म्हणाली, "मी अंधेरीच्या त्या शाळेतूनच आलेय. आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसतो."

दोन्ही वाक्ये खरी होती. पुढचे शेठने स्वतःच जुळवले. "हां, मग ठीक! तुमच्याबरोबरच देतो ना. त्यांची खेप वाचली." त्यांनी नऊच्या नऊ वह्या एकत्र बांधल्या. उत्तराने नाही म्हटले नाही. परतीच्या गाडीत वह्या मांडीवर घेऊन बसली तेव्हा तिला लाज वाटायला हवी होती. पण तिला वाटला तो आनंद. आता जयंती टेबलाच्या पायाखाली काय घालते ते बघू, असा अगदी शेलका आनंद.

घरी आल्यावर तिने वह्या ट्रंकेत साडीच्या घडीखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एक बाहेर काढली, उघडली, पेन भरले, आणि पहिल्या पानाकडे बघत बसली. पान फारच पांढरे होते. तिने वही मिटून पुन्हा ट्रंकेत ठेवली. असे चार संध्याकाळी झाले. पाचव्या दिवशी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वह्या लिहायला आणल्यास की पुजायला? पुजायच्या असतील तर सांग, हळदीकुंकू काढून ठेवते."

"आई, उगाच काहीतरी बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय? सहा वर्षं म्हणत होतीस, कागद नाही, कागद नाही. आता कागद आला. आता काय नाही?"

उत्तराजवळ याचे उत्तर होते, पण ते आईला सांगण्याजोगे नव्हते. कागद वाईट होता तोवर काम चांगले होते. ते कुणी तपासले नव्हते, कुणी खोडले नव्हते. अणावकर सर सहा वर्षांपूर्वी जे म्हणाले तेच अजून खरे होते. पांढऱ्या कागदावर शाईने उतरल्यावर मात्र चोवीस झाडे म्हणजे फक्त चोवीस झाडे ठरली असती, आणि सरांनी चष्मा पुसून "बरं आहे" म्हटले असते, तर तिच्याजवळ काय उरले असते?

रविवारी ती होडीने पलीकडे गेली. सतरा नंबरच्या झाडाला फुले आली होती. चिखलात सोनूबाई कोळीण बिळात हात घालून चिंबोऱ्या काढत होती. इतक्या वर्षांत दोघींची चांगलीच ओळख झाली होती.

"काय गो बाय, मोजून झाली का नाय तुजी झाडां?"

"कुठली! वाढतात ना ती."

"आनी तुजा लगीन?"

"ते काही वाढत नाही, म्हणून मोजत नाही."

सोनूबाई खो खो हसली. टोपलीवर पाला झाकत ती म्हणाली, "परवा ती दुसरी बाय आलती. लांब येनीची, गोरी. तुजे पत्रे वाचत व्हती येकेक. मना इचारत व्हती, ह्यो कोनी ठोकले? मी बोलले, आमच्या बायनी."

उत्तराच्या हातातला मापाचा दोरा तसाच राहिला. सतरा नंबरचे माप तिने तीनदा घेतले आणि तीनदा निराळे आले.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत गेली. जयंती खिडकीपाशी बसून चित्र काढत होती. तिच्यासमोर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. शाळेच्या जुन्या सूचना, गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. कागद मळकट, पिवळट, चंदूशेठच्या वह्यांपेक्षाही वाईट. जयंती त्यावर पेन्सिलीने रेघ ओढत होती आणि ती रेघ अशी होती की उत्तरा दारातच थांबली. कांदळाचे फूल. चार जाड निदले, मधोमध चिरून दाखवलेला अंडाशय, आठ पुंकेसर. सावलीसाठी दिलेले ठिपके एकसारखे होते.

मग तिला चूक दिसली आणि हायसे वाटले. तो आनंद चांगला नव्हता, पण होता. ती काही न बोलता जाऊ शकली असती. फळ्यावर कुणी चुकीची आकृती काढली तर तिला झोप लागत नसे, हा तिचा स्वभाव आडवा आला.

"पाकळीची कड चुकलीय. कडेला केस असतात, पांढरे, दाट. तुझं फूल शिळं होतं, म्हणून गळले असतील."

जयंतीने मान वर केली. "अगंबाई, खरंच? बघा, हे तुम्हालाच माहीत! म्हणून तर सर म्हणाले, आधी नवलकरबाईंना विचार."

"कुठले सर?"

"अणावकर सर. मी एम.एस्सी.ला नाव घालतेय ना. बसा ना, बाई. दोन गोष्टी बोलायच्यात, कधीपासून बोलेन म्हणतेय." तिने स्टूल पुढे सारले. "एक साधी आहे. घाटकोपरला मी सहा वह्या ठेवायला सांगितल्या होत्या. शेठ म्हणाला, तुमच्या शाळेतल्या बेन येऊन घेऊन गेल्या. मी विचारलं, कोण? तर म्हणाला, चष्मा होता आणि शाईचा थेंब टाकून घड्याळ बघत होत्या."

खिडकीतल्या बरणीत फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला बेडूक उत्तराकडे पोट करून उभा होता.

"मामी रागावली. मी म्हटलं, असू दे गं, त्यांना जास्त गरज असेल. माझं काय, माझं पाठकोऱ्यावर भागतं. शेवटी टंकलेखनच करायचंय." जयंती हसली. त्या हसण्यात टोमणा असता तर उत्तराला बरे वाटले असते. तिने शोधून पाहिला, नव्हता.

"आणि दुसरी?"

जयंतीने पेन्सिल खाली ठेवली. "सर म्हणाले, नवलकरबाईंनी त्या खाडीवर नऊ वर्षं काम केलंय, पण त्या ते कधी पुरं करतीलसं मला वाटत नाही. त्यांना विचार. त्या टिपणं देत असतील तर तूच तो विषय घे, त्यांचे आभार मान आणि पुरं कर. मी जाऊन आले बाई खाडीवर. काय काम केलंय हो तुम्ही! मी सगळं नीट उतरवीन. प्रस्तावनेत पहिलं नाव तुमचं. शनिवारी नोंदणीचा शेवटचा दिवस आहे. घाई नाही, शुक्रवारपर्यंत सांगा."

"बघते," उत्तरा म्हणाली. अणावकर सरांना सहा वर्षे ती हेच म्हणत आली होती.

घंटा झाली. त्या दिवशी नववीच्या वर्गात तिने मुळांचे प्रकार शिकवले आणि आपण काय शिकवले ते तिला आठवले नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला तिने जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वहीचे पहिले पान उचलताच दुमडीवर तुटले. तिने दोन्ही तुकडे टेबलावर जोडून ठेवले, नवी वही उघडली आणि लिहायला सुरुवात केली: झाड क्रमांक एक. शाई फुटली नाही, पसरली नाही. तरी तिसऱ्या ओळीत तिच्या हातून आकडा चुकला, तो खोडावा लागला, आणि पांढऱ्या पानावर ती काट उठून दिसू लागली. ती क्षणभर थांबली. मग पुढे लिहू लागली. आईने ताट वाढले, झाकून ठेवले, पुन्हा गरम केले. जेवायला उठली तेव्हा अकरा पाने झाली होती आणि सात ठिकाणी खाडाखोड होती. कोंबांच्या वाढीत एक गोष्ट तिला प्रथमच दिसली: उधाणाच्या आठवड्यात ती मंदावत होती. नऊ वर्षे आकडे समोर होते, पण कधी एकाखाली एक लिहिले नव्हते.

शुक्रवारी तिने सहा वह्या सुतळीने बांधून शाळेत नेल्या आणि मधल्या सुट्टीत जयंतीसमोर ठेवल्या.

"अहो, हे काय?"

"तुझ्या आहेत. मी शेठला तुझं नाव सांगितलं नव्हतं. पण त्याचा गैरसमज झाला आणि मी तो होऊ दिला. मुद्दाम."

"जाऊ द्या हो, बाई! एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"एवढीशी नव्हती. मला तुझा हेवा वाटतो. अजूनही वाटतो. तुला म्हणून सांगून ठेवते."

जयंती गोंधळली. तिने वह्यांवरून हात फिरवला, सुतळीशी चाळा केला, आणि मग तिचा चेहरा उजळला. उत्तराला ते उजळणे दिसले, आणि त्याचा अर्थही कळला. वह्या दिल्या, म्हणजे टिपणेही आलीच, असे जयंतीला वाटले होते. वाटणारच.

"मग बाई, उद्या सरांना सांगू ना? तुम्ही हो म्हणालात म्हणून?"

बाहेर मैदानात मुली लंगडी खेळत होत्या, त्यांचा आरडाओरडा खिडकीतून आत येत होता. उत्तराने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. जयंतीचे तरुण तोंड स्वच्छ दिसले. त्यावर आता जी निराशा येणार होती ती आपण आणतो आहोत, हे तिला पुरते ठाऊक होते.

"नको," ती म्हणाली. "तू सरांना माझ्या वतीने काही सांगू नकोस. उद्या मी येतेय. फॉर्म माझ्यासाठी घ्यायचाय."